मधली पायरी

कासारखिंडीचं पाणी-आंदोलन मोडलं तेव्हा कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. लाठी उगारली गेली नाही, कुणाला अटक झाली नाही, कुणी कुणाला धमकावलं नाही. धरणाच्या भिंतीवर तालुक्यातल्या गावोगावची माणसं येऊन बसणार होती. त्या दिवशी बंदोबस्ताला पोलिसांची एक गाडी आली, ती जेवायच्या वेळेला परत गेली. भिंतीवर अक्काताई मंडले आणि तिच्याबरोबर हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच माणसं बसली होती. ऊन कलल्यावर तीही उठली. दुसऱ्या दिवशी बातमी आली ती चार ओळींची, आंदोलनाला अल्प प्रतिसाद मिळाल्याची.

ते आपोआप विझलं नव्हतं. हे ज्या मोजक्या माणसांना ठाऊक होतं त्यांत पुण्याच्या लोकगती संस्थेतली डॉ. प्रतीक्षा ऐवळे होती. ठाऊक असायचं कारण म्हणजे ते विझवलं होतं तिनंच. आणि ज्या तळेवाडीतून ते उठलं ती तळेवाडी तिचं गाव होतं.

प्रतीक्षा गणिताची. माणसांचे जमाव कसे बनतात, एखादी गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते, हा तिचा विषय. ती शिकत असताना एका बाजारपेठेच्या गावात मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा उठली आणि जमावानं वाट चुकलेल्या दोन फिरस्त्यांना ठेचून मारलं. ते चित्रण तिनं पाहिलं होतं. हे थांबवता आलं पाहिजे, एवढ्याच इच्छेनं तिनं आपली प्रणाली उभारली. लोकगती संस्थेत त्या प्रणालीला सगळे ‘पायरी’ म्हणत.

प्रतीक्षाचं म्हणणं साधं होतं. सर्दी पसरायला एक शिंक पुरते. विनोद पसरायला एकदा ऐकणं पुरतं. पण ज्या गोष्टीपायी रोजगार बुडू शकतो किंवा डोकं फुटू शकतं, ती गोष्ट माणूस एकाचं ऐकून करत नाही. आपल्या ओळखीचे किती जण आधी पुढे झाले, हे तो बघतो. कुणाला एक पुरतो, कुणाला दहा लागतात, कुणाला अख्खं गाव. हीच त्या माणसाची पायरी.

समजा चौकात शंभर माणसं आहेत. पहिला कुणाचीही वाट न बघता रस्त्यावर बसतो. दुसऱ्याला एक जण बसलेला पुरतो, तिसऱ्याला दोन, चौथ्याला तीन. असं करत सगळा चौक खाली बसतो. आता त्यातल्या फक्त तिसऱ्या माणसाला उठवून दुसरीकडे न्या. चौथ्याला तीन जण दिसायला हवेत, दिसतात दोनच. तो बसत नाही, म्हणून पाचवाही बसत नाही. सगळे घरी जातात. दोन्ही चौकांत माणसं तीच, राग तोच, दुःखही तेच. पण एका चौकाला इतिहास क्रांती म्हणेल आणि दुसऱ्यातल्या दोघांना लोक खुळे म्हणतील.

कुणाची पायरी कितवी हे यंत्र आधीच्या वागण्यावरून ओळखायचं. लस कुणी कुणाच्या मागून घेतली, नव्या शाळेत मूल आधी कुणी घातलं, कुणाचा फोन आल्यावर कुणी बेत बदलला. नावं काढून टाकलेली अशी माहिती त्या काळात सरकारी परवान्यानं संस्थांना मिळत असे. पडद्यावर माणसं ठिपक्यांसारखी दिसत, त्यांच्यामधली नाती रेघांसारखी. पुढचा दंगा कुठल्या ठिपक्यापाशी अडवता येईल ते यंत्र दाखवायचं. तो ठिपका चिथावणी देणाऱ्याचा कधीच नसायचा. तो असायचा मधल्या कुणाचा तरी, ज्याच्याकडे बघून बाकीचे ठरवतात त्याचा. एकदा एका शहरातली दंगल एका चहावाल्याची समजूत घालून टळली. त्या दिवशी प्रतीक्षाला शांत झोप लागली होती.

*

कासारखिंड धरणाचं पाणी बंद नळांतून शिवारात येणार होतं. वाटप जमिनीच्या मानानं ठरलं होतं, ज्याचं रान मोठं त्याला पाणी जास्त आणि ज्याला रानच नाही त्याला पिण्यापुरतं. ही वाटणी पुढच्या तीस वर्षांसाठी कायम होणार होती.

अक्काताई मंडलेला गुंठाभरही जमीन नव्हती. उभी हयात तिनं दुसऱ्याचा ऊस तोडला होता. तिनं एकच गोष्ट बोलायला सुरुवात केली. तहान जमिनीला लागत नाही, माणसाला लागते. तेव्हा पाण्याचे वाटे डोक्यांवर करा. तान्ह्या पोराचाही एक वाटा आणि बागायतदाराचाही एकच. ज्याला रान नाही तो आपल्या वाट्यावर शेळ्या पाळील, भाजी करील, नाहीतर रानवाल्याला पाणी देईल आणि पिकात भागीदार होईल.

आधी लोक हसले. मग त्यांचं हसू थांबलं, कारण हिशेब प्रत्येकाला आपापल्या घरात करून बघता येत होता. घरात डोकी किती, मग वाटे किती? कुणाला ते लिहून द्यावं लागलं नाही. दुसऱ्याच्या दारात उभं राहायची सवय झालेल्या माणसांना पहिल्यांदा वाटलं, आपल्याकडेही काही असू शकतं. एका सभेत तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलांनी अक्काला विचारलं की ही क्रांतीच म्हणायची का.

“बागायतदार माज्या दारात पाणी मागाय आला की निम्मी झाली,” अक्का म्हणाली. “आल्यावर त्याला मी घोंगडं टाकून बसवलं, की उरल्याली निम्मी.”

*

लोकगती संस्थेकडे काम आलं तेव्हा त्याच्यावर ‘तणावग्रस्त क्षेत्र’ एवढंच लिहिलेलं होतं. संस्थेचे संचालक डॉ. यशोधन केळुसकर स्वतः प्रतीक्षाच्या टेबलाशी आले. भला माणूस, आवाज कधी चढायचा नाही. ते म्हणाले की धरणाच्या भिंतीवर हजारो माणसं चढली आणि कुणी एक दगड फेकला तर काय होईल ते सांगायला नको. वरून आदेश स्पष्ट होता. बळ वापरायचं नाही, कुणाला दुखवायचं नाही. योग्य माणसाची एखादी अडचण दूर करायची आणि ताण उतरवायचा.

नकाशा उघडल्यावर प्रतीक्षानं ओढ्याचं वळण ओळखलं. त्या वळणाच्या अलीकडच्या वस्तीत तिचा जन्म झाला होता. हे आपलं गाव आहे, मला यातून वगळा, असं ती तेव्हा म्हणू शकली असती. म्हणाली नाही. आपण हातात घेतलं तर निदान जपून करू, असं तिनं मनाला समजावलं.

यंत्रानं तीन ठिपके दाखवले. त्यांतला कुठलाही एक हलवला तरी साखळी तुटत होती. एक बहुधा दूधसंघाच्या गाडीवरचा होता. दुसरा कुणी किराणा दुकानदार असावा. तिसऱ्या ठिपक्याच्या रेघा मात्र वेगळ्याच होत्या. त्या मांगवाड्यातून धनगरवस्तीत, तिथून मळ्यातल्या मोठ्या घरांत जात होत्या. गावात कुणाच्या रेघा सहसा अशा सगळीकडे जात नाहीत. शिवाय त्या ठिपक्याच्या घरी ऐकू न येणारं एक मूल होतं आणि त्याचं नाव कानात बसवायच्या यंत्राच्या प्रतीक्षायादीत फार खाली होतं.

प्रतीक्षाला नाव वाचायची गरज नव्हती. ती नंदिनी तुपसौंदर होती. दोघी एका बाकावर बसून शिकल्या होत्या. वडील गेल्यावर नंदिनीनं शिक्षण सोडलं आणि गावातच आशाताई म्हणून काम धरलं. प्रत्येक घरातलं बाळंतपण, प्रत्येक घरातला ताप तिला माहीत होता. ती कुठल्याही उंबऱ्याच्या आत जाऊ शकत होती. अक्काचं बोलणं घरोघरी गेलं ते तिच्या पायांनी. तिची मुलगी आरोही जन्मापासून बहिरी होती.

तिघांमधून एक निवडायचं होतं आणि निवड माणसावर सोडलेली होती. प्रतीक्षानं नंदिनी निवडली. आरोहीला ऐकू येईल, हे त्या क्षणी तिला इतकं स्वच्छ आणि चांगलं दिसलं की बाकीचं त्याच्यामागे झाकलं गेलं. नंतर तिला स्वतःचा राग येत राहिला तो त्या चांगल्या वाटण्याचाच. गुन्हा समजून केला असता तर निदान हात थरथरला असता.

आठवडाभरात नंदिनीला पुण्याहून फोन आला. मुलीची शस्त्रक्रिया मोफत होणार होती. त्यानंतर बोलायला शिकवायचे वर्ग रोज असतात, म्हणून आईनं पुण्यातच राहायला हवं होतं. राहायला खोली मिळणार होती आणि त्याच रुग्णालयात कामही. तारीख लगेचची होती. नंदिनी मुलीला घेऊन निघाली तेव्हा भिंतीवर बसायचा दिवस तोंडावर आला होता.

*

पुण्यात नंदिनीला ओळखीचं घर एकच होतं, प्रतीक्षाचं. सुट्टीच्या दिवशी ती आरोहीला घेऊन यायची. प्रतीक्षाची आई तिला जेवल्याशिवाय सोडायची नाही. कुकरची शिट्टी झाली की आरोही दचकायची आणि मग हसायची. पहिल्या वर्षात ती ‘आई’ म्हणायला शिकली. नंदिनी सांगायची की देवानंच कुणाला तरी बुद्धी दिली, नाहीतर यादीत तिचा नंबर लागेपर्यंत पोरगी लग्नाची झाली असती. प्रतीक्षा ताटात बघून मान हलवायची.

एकदा भांडी आवरता आवरता नंदिनी वेगळंच बोलली. आपण निघून आलो आणि तिकडे सगळं मोडलं, असं तिच्या मनात बसलं होतं. गाव सोडताना ती घरोघरी सांगून आली होती की बसायला जा, मी नसले तरी जा. पण बायका म्हणाल्या होत्या, तुझं काम झालं, तू चाललीस.

“मी पोरीसाठी गाव विकलं का गं?” तिनं विचारलं.

प्रतीक्षा नाही म्हणाली. ते खरंच होतं, कारण विकणारी दुसरीच होती. पण तेवढ्यावर तिनं तोंड मिटलं आणि नंदिनी डोळे पुसून परत भांडी पुसू लागली.

मग आई एका लग्नाला तळेवाडीला जाऊन आली. पाणी नळानं आलं होतं, मोठ्या रानांत हिरवं दिसत होतं आणि मांगवाड्यातल्या बऱ्याच घरांना कुलपं होती. अक्का मात्र फार खचली होती. ती कुणाशी बोलत नव्हती. पोरं वाटेत तिला ‘किती डोकी, किती वाटे’ म्हणून चिडवायची. आईनं तिच्याजवळ बसून विचारपूस केली तेव्हा ती एवढंच म्हणाली होती की माझंच डोकं फिरलं होतं. लोकांना पटलं नाही ते खुळचटच असणार, नाहीतर एवढ्यातली निम्मी तरी आली असती.

हे सांगताना आईचा आवाज साधाच होता. आपण एक आंदोलन मोडलं एवढंच प्रतीक्षा आजवर मानत होती. आता तिला दिसलं की दोन निर्दोष बायका तिच्या वाटणीचा अपराध आपापल्या पाठीवर घेऊन जगत होत्या. एकीला वाटत होतं की आपण दगा दिला. दुसरीला वाटत होतं की आपला विचारच खोटा होता.

दुसऱ्या दिवशी संस्थेत तिनं जुनी माहिती पुन्हा यंत्रात घातली. नंदिनी गावातच राहिली असती तर काय झालं असतं, एवढंच तिनं विचारलं. पडद्यावर ठिपके एकामागून एक उजळत गेले. तळेवाडी, मग शेजारची वस्ती, मग ओढ्यापलीकडची गावं. शेवटी अंधारात फारच थोडे उरले. मळ्यातल्या घरांतलेही काही उजळले होते, हे तिला अजिबात अपेक्षित नव्हतं.

ती केळुसकरांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं. मग तिला आठवण करून दिली की तेवढी माणसं भिंतीवर आली असती तर चेंगराचेंगरी झाली असती, कदाचित गोळीबारही, आणि मेलेल्यांत अक्काच असती. एक मूल ऐकू लागलं आणि कुणीही मेलं नाही. याहून स्वच्छ हिशेब त्यांनी पाहिलेला नव्हता. आपण आग विझवणारी माणसं आहोत, असं ते म्हणाले.

“सर, भडकाही आगच असतो आणि चूलही आगच असते,” प्रतीक्षा म्हणाली. “आपलं यंत्र दोन्हींवर सारखंच पाणी ओततं. मी त्याला फरक शिकवलाच नाही.”

केळुसकरांनी तिला चार दिवस रजा घ्यायला सांगितलं आणि जाता जाता करारातल्या गोपनीयतेची हलकेच आठवणही दिली. तिनं रजा घेतली आणि तळेवाडीची एसटी धरली.

*

अक्का दारात शेंगा फोडत बसली होती. प्रतीक्षाला बघून तिनं सूप बाजूला सरकवलं आणि आईची खुशाली विचारली. प्रतीक्षा जमिनीवरच बसली आणि सुरुवातीपासून सांगत गेली, यंत्र काय करतं, तिघांतून कुणाला निवडलं, का निवडलं. काही अवघड शब्द आले तेव्हा तिनं ते शेंगा मांडून समजावले. सांगून झाल्यावर ती शिव्यांची वाट बघत राहिली.

अक्कानं मांडलेल्या शेंगांतली एक उचलून परत सुपात टाकली.

“म्हंजे लोकांस्नी पटलं हुतं?” तिनं विचारलं.

प्रतीक्षाला प्रश्न कळायला क्षणभर लागला. मग ती म्हणाली की हो, पटलं होतं. जवळजवळ सगळ्यांना. मळ्यातल्या काही घरांनासुद्धा.

“मळ्यातल्याबी?”

“हो अक्का.”

अक्कानं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते, पण ती रडते आहे का हसते आहे ते प्रतीक्षाला कळेना. पदर काढला तेव्हा तिचा चेहरा मात्र कठोर झाला होता.

“तू मला इतकी वर्सं येडी ठरवलीस. लोकांनी ठरवली असती तर चाललं असतं गं, त्ये रोजचंच हाय. तू मलाच माज्याकडनं येडी ठरवून घेतलीस.” मग ती थांबून म्हणाली, “नंदीला सांगितलंस?”

प्रतीक्षानं मान खाली घातली.

“माज्या आदी तिला सांगाया पायजे हुतं. जा.”

तिनं पाणीही विचारलं नाही. एसटीची वाट बघत उभी असताना प्रतीक्षाला वाटलं, अक्कानं चार तडाखे दिले असते तर बरं झालं असतं.

नंदिनीला तिनं रुग्णालयाच्या अंगणात गाठलं, आरोही वर्गात असताना. तिथेच तिला सगळं सांगितलं. देवाला दिलेली सगळी श्रेयं एकेक करून परत घ्यावी लागत असल्यासारखा तिचा चेहरा बदलत गेला.

“तू मला विचारलं का नाहीस?” शेवटी ती म्हणाली.

प्रतीक्षा म्हणाली की विचारलं असतं तर यंत्राचा उपयोगच झाला नसता.

“तसं नव्हे. माझी मैत्रीण म्हणून विचारायचंस. दोन्हीतलं एकच निवडायला लागलं असतं, तर मी पोरीचा कान निवडला असता. त्याची मला लाज नाही. पण मी आधी भांडले असते. मी दोन्ही मागितलं असतं, कान पण आणि पाणी पण. तू परस्पर ठरवलंस की माझ्यासारखीला एकच मिळतं.”

ती उठून गेली आणि त्यानंतर तिनं प्रतीक्षाच्या घरी येणं बंद केलं.

*

प्रतीक्षानं संस्था सोडली आणि तळेवाडीच्या ग्रामसभेत उभी राहून सगळं सांगितलं. नंदिनीचं नाव घ्यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण नंदिनीनंच अक्काला फोन करून कळवलं की नाव घ्या, नाहीतर गाव मलाच सामील समजेल. सभेत एका म्हाताऱ्यानं विचारलं की तुला आम्ही शाळेत घातलं ते याच्यासाठी का? बातमी राज्यभर झाली, संस्थेची चौकशी लागली आणि गुपित फोडल्याबद्दल प्रतीक्षावरही खटला उभा राहिला.

खरं सांगितल्यानं सगळं सुधारेल, ही तिची आशा मात्र फोल ठरली. उलट गावात नवंच विष भिनलं. कुणाच्या पोराला नोकरी लागली, कुणाचं घरकुल मंजूर झालं, की लोक त्याच्याकडे वाकडं बघू लागले. याला कशासाठी दिलं, हा कुठली पायरी? आधी फक्त यंत्र माणसांना असं बघत होतं. आता माणसंच एकमेकांना तसं बघू लागली. प्रतीक्षा गावातच आईच्या बंद घरात राहत होती. हे दिसायला लागल्यावर तिला वाटलं, गप्प बसून पाप केलं ते केलं, बोलून दुसरं केलं.

अशात धनगरवस्तीतला बिरू मेटकरी अक्काकडे आला. त्याच्या बायकोची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि त्याला अचानक मोठ्या रुग्णालयातून शस्त्रक्रियेची तारीख आली होती. अक्कानं पुन्हा सभा बोलवायला सुरुवात केल्यावर त्याच्याच वस्तीतली माणसं पहिल्यांदा आली होती. ही तारीख आमिष आहे का खरा नंबर, हे कळायला मार्ग नव्हता. त्याचे भाऊ म्हणत होते, घेतलीस तर तोंड दाखवू नको. तो अक्काला विचारत होता की नाही म्हणू का.

दारात बरीच माणसं जमली होती. प्रतीक्षाही मागे उभी होती.

“घे,” अक्का म्हणाली. “बायकूला बरी करून आण. कुणी दिलं, कशापायी दिलं, इचारू नगं. तुज्या हक्काचंच हाय त्ये. आणि ती बरी झाली, की दोगंबी जोडीनं हितं येऊन बसा.”

मग ती भावांकडे वळली. त्याच्या म्हशीला आणि लेकरांना तोवर तुम्ही बघायचं, एवढं तिनं सांगितलं. भावांनी ऐकलं.

प्रतीक्षाला तिथे उभ्या उभ्या आपल्या गणितातली चूक दिसली. तिनं धरून चाललेलं होतं की माणसाची गरज भागली की तो साखळीतून निघतो. बहुतेक वेळा ते खरंही ठरायचं, कारण निघून गेलेल्याला परतायचं तोंड उरत नसे. लाज त्याला बाहेर ठेवायची आणि मागे राहिलेले दार लावून घ्यायचे. अक्कानं ते दारच उघडं ठेवलं होतं. शिवाय ठिपक्यांना आता यंत्र माहीत झालं होतं. गोट्यांना गणित कळत नाही, म्हणून त्या कुठे घरंगळणार ते सांगता येतं. माणसाला स्वतःविषयीचं भाकीत कळलं की तो आधीचा माणूस राहत नाही.

बिरूची बायको बरी झाली. दोघं खरोखरच येऊन बसली. त्यांच्या मागून इतरांची भीडही कमी होत गेली. घरकुल मिळालेला आला, नोकरी लागलेल्याची आई आली. पुढच्या वर्षी धरणाच्या भिंतीवर माणसं बसली. भिंत भरून वाहिली असं नाही, पण पोलिसांची गाडी जेवायच्या वेळेला परत गेली नाही. मोठी पडझड झाली नाही, एका तरुणाचा हात मोडला, काही बायकांना उन्हाची भोवळ आली. केळुसकरांची भीती अगदीच खोटी नव्हती, हे प्रतीक्षानं स्वतःशी मान्य केलं. बऱ्याच घासाघिशीनंतर सरकारनं तीन गावांत डोक्यांवर वाटे करून बघायचं कबूल केलं. तीनच गावं. तळेवाडी त्यांत होती. कुलपं लागलेली घरं उघडायला मात्र कुणी लगेच परतलं नाही. जी वर्षं गेली ती गेलीच.

लोक प्रतीक्षाशी बोलू लागले, पण जपून. अक्का तिला कामं सांगायची, आणि ती करायची. तिला माफ केलं असं अक्का कधी म्हणाली नाही, आणि प्रतीक्षानंही ते मागितलं नाही.

खटल्याच्या तारखेला ती पुण्याला गेली तेव्हा कोर्टाच्या आवारात नंदिनी उभी होती. वर्षाहून जास्त काळानं दोघी समोरासमोर येत होत्या. नंदिनी वाळली होती. ती सरळ मुद्द्यावर आली. आरोही आता नऊ वर्षांची झाली होती, शाळेतली मुलं बातम्या बघतात, कुणीतरी तिला काहीतरी बोललं होतं. ती आईला रोज विचारत होती की माझा कान चोरीचा आहे का.

“मी काय सांगू तिला?” नंदिनीनं विचारलं.

“खरं ते सांग.”

“खरं सांगितलं तर तिनं तुझा राग करायचा, का तुझे उपकार मानायचे?”

कोर्टात विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं प्रतीक्षाकडे तयार होती. याचं नव्हतं. तिनं तसं सांगितलं.

“मग चल घरी आणि तूच सांग,” नंदिनी म्हणाली. “तिला आता ऐकू येतं.”

ती फाटकाकडे चालू लागली. ती मागे वळून बघणार नाही, हे प्रतीक्षाला माहीत होतं. तिनं हातातली पिशवी खांद्याला अडकवली आणि तिच्यामागून निघाली.